जबल दुखानचं दुकान

बहारीनमधल्या सर्वात उंच डोंगराची उंची एकशे चौतीस मीटर आहे आणि त्याच्या आसपासच्या सपाट जमिनीवर, दिवसाढवळ्या, मी सहकुटुंब हरवलो.

हे एक वाक्य लिहायला मला दोन महिने लागले. कारण मी पुण्याचा. कॉलेजात असताना दर रविवारी सह्याद्रीत पडीक असायचो. 'मी आयुष्यात एकदाही वाट चुकलेलो नाही' हे मी लग्नानंतरच्या चौदा वर्षांत इतक्यांदा म्हटलंय, की मी 'मी आयुष्यात' एवढं म्हणालो की पुढचं माझी बायको मधुरा पूर्ण करते आणि भाजी चिरायला निघून जाते. (सध्या मी सलमाबादला एसीचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये इंजिनियर आहे. गेल्या नऊ वर्षांत मी चढलेली सर्वात उंच गोष्ट म्हणजे शिडी.)

यंदा मी मनाशी ठरवलं होतं, जूनमध्ये सगळ्यांनी हिमालयात ट्रेकला जायचं. सहा दिवस, वर बर्फ, खाली फुलं. खरं कारण आमची इरा. ती अकरा वर्षांची आहे. तिचं सगळं चालणं सीफमधल्या मॉलमध्ये झालेलं, एस्कलेटरवर उभं राहून. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. रस्ता ओलांडतानासुद्धा हल्ली हात धरत नाही. आणखी दोन वर्षांनी ती माझ्याबरोबर कुठेच येणार नाही, हे मला दिसत होतं आणि त्याचं मला फार वाईट वाटत होतं. त्याआधी एकदा तरी तिला हाताला धरून डोंगरात न्यायचं होतं, बस्स.

मधुराने ऐकून घेतलं आणि अट घातली. "आधी इथे बहारीनमध्ये तीन तास चालवून दाखव. तिघांना घेऊन जायचं आणि तिघांना परत गाडीपाशी आणायचं. जमलं तर मी लीव्ह टाकते. नाही जमलं तर जूनमध्ये देवगड. आईकडे. आंबे."

"तीन तास? इथे? अगं, डोळे मिटून!"

"डोळे उघडेच ठेव," मधुरा म्हणाली.

शुक्रवारी पहाटे निघायचं ठरलं. साखीरच्या वाळवंटात गाडी लावायची, जबल दुखानच्या बाजूच्या बारक्या टेकाडांना वळसा घालायचा (मूळ डोंगर कुंपणाच्या आत आहे) आणि ऊन चढायच्या आत परत. एप्रिलचा शेवट होता. एरवी या दिवसांत सकाळी बरं असतं, पण त्या आठवड्यात उन्हाळ्याला काय घाई झाली होती कोण जाणे! आमच्या वर्कशॉपचा फोन दिवसभर वाजत होता.

आता सासूबाई. त्या तेव्हा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आल्या होत्या. मुक्काम पोस्ट देवगड, वय अडुसष्ट, आणि मला त्या 'जावयबापू' म्हणतात, ते कौतुकाने की कसं हे मला अजून कळलेलं नाही. पहाटे साडेचारला बघतो तर त्या जरीकाठाची साडी नेसून, खांद्याला कापडी पिशवी अडकवून दारात तयार!

"आई, तुम्हीपण?"

"येतंय तर! रात्री तुमीच बोलत होतात मा, जबल दुकान जबल दुकान म्हणान. मी मधुराक विचारलंय, इतक्या सकाळी दुकान उघडता? ता म्हणाला, व्हय आई, नंतर ऊन होता."

मधुरा झोपेत काहीही म्हणते. पण पावणेपाच वाजता जरीकाठाच्या सासूला परत पाठवण्याची हिंमत माझ्यात नव्हती. त्यामुळे तिघांचे चौघे झाले.

आम्ही साखीरला पोचलो तेव्हा उजाडलं होतं, पण सूर्य नव्हता. दमट धूळ इतकी भरून राहिली होती की वर, खाली आणि समोर एकच पांढरट पिवळा रंग होता. गाडीने बाहेरचं तापमान छत्तीस दाखवलं. पहाटे! गाडीचं दार लावल्याचा आवाजसुद्धा बाहेर पडल्या पडल्या विरून गेला. कुठेतरी तेलविहिरीचा पंप चालू होता. कुर्र... मग बराच वेळ काही नाही... पुन्हा कुर्र. पंप मात्र कुठल्याच बाजूला दिसत नव्हता.

"दुकान खय आसा?" सासूबाईंनी विचारलं.

मी धुरळ्यातल्या एका पुसट उंचवट्याकडे बोट दाखवलं. "आई, दुकान नाही, दुखान. जबल म्हणजे डोंगर. तो बघा."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "ह्यो? ह्येका आमच्या देवगडात गडगो म्हणतत."

गडगो म्हणजे कुंपणाची दगडी भिंत. मी ते कानाआड केलं आणि ट्रेकचे नियम जाहीर केले. नियम पहिला, लीडरच्या मागे चालायचं. नियम दुसरा, मोबाइल गाडीत ठेवायचे, निसर्गाकडे बघायचं. (माझा मात्र खिशात ठेवला. लीडर!) मग सह्याद्रीतल्या सवयीने तोंडापाशी हात नेऊन मी दणदणीत 'ओऽऽ' ठोकला. आमच्याकडे अशी हाळी दिली की समोरच्या कड्यावरून ती परत येते. इथे ती गेली ती गेलीच.

"बाबा, नथिंग केम बॅक," इरा म्हणाली.

"येईल," मी म्हणालो. कशावरून, ते मलाही माहीत नव्हतं.

पहिला दीड तास झकास गेला. मी झुडपांची नावं सांगत होतो (मनाची), सासूबाई छत्री उघडून चालत होत्या. टेकाडांना वळसा घातला आणि परत फिरलो. गाडी सरळ समोर, तासाभराच्या वाटेवर. त्याच सुमारास उकाडा एकदम वाढला. वारा पूर्ण पडला. पंपाचा आवाज आता डाव्या बाजूने येत होता, जो मघाशीसुद्धा डाव्या बाजूनेच येत होता. परत फिरल्यावर तो उजवीकडून यायला हवा, हे माझ्या लक्षात आलं आणि मी ते कोणाला सांगितलं नाही.

तेवढ्यात समोर खुर्ची दिसली.

साधी पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची. वाळवंटाच्या मधोमध, आमच्याकडे तोंड करून. आजूबाजूला काही नाही. हिवाळ्यात इथे बहारीनी कुटुंबांचे तंबू पडतात, सीझन संपला की उठतात. त्यातली राहिली असेल, असं मी समजावलं. इराने तिच्याभोवती लांबून वळसा घातला.

वीस मिनिटं चाललो. समोर पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची. आमच्याकडे तोंड करून.

"बाबा, सेम चेअर."

"तशीच दुसरी असेल गं."

"नो. सेम. बट समवन पुट अ स्लिपर ऑन इट."

खुर्चीवर एक लहान मुलाची निळी चप्पल होती. एकच. मधुराने माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल काढला. 'फोन तापला आहे, थंड होऊ द्या' अशी सूचना देऊन त्याने डोळे मिटले. थंड होऊ द्या! कुठे?

मग मी लीडरला शोभेलसं केलं. 'आपण किंचित डावीकडे सरकतोय' असं म्हणून वीस मिनिटं हट्टाने उजवीकडे चाललो. पाण्याच्या बाटल्या संपत आल्या होत्या. इराचा चेहरा लालभडक झाला होता आणि ती बोलायची बंद झाली होती. आणि समोर पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची. या वेळी तिच्यावर काचेचा छोटा पेला. पेल्यात अर्धा चहा.

मधुराने पेल्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "प्रसाद, चहा गरम आहे."

मी चारी बाजूंना पाहिलं. माणूस नाही, प्राणी नाही, सावली नाही. माझ्या मानेवरचा घाम क्षणभर गार झाला. (त्या दिवशी बहारीनमध्ये गरम नव्हतं असं काय होतं, हा विचार मला संध्याकाळी सुचला.)

सासूबाईंनी छत्री मिटली. "जावयबापू, आता फुडे एक पावल टाकू नकात. ह्यो चकवो."

"काय?"

"चकवो! माणसाक एकाच जागेर गरगर फिरवता. माझ्या काकाक लागल्लो. घराच्या मागच्या फणसाक सकाळपर्यंत फेरे घालीत होतो."

"आई, हे बहारीन आहे," मधुरा म्हणाली. "इथे कुठून चकवा येणार?"

"कित्याक? चकव्याक काय व्हिसा लागता?"

त्यांनी उपाय सांगितला. सगळ्यांनी खाली बसायचं. डावं पायताण उजव्या पायात, उजवं डाव्या पायात. अंगातले कपडे उलटे करायचे. मग उठायचं आणि जिकडे पाठ होती तिकडे चालू लागायचं. चकवा आपल्याला ओळखत नाही आणि सोडून देतो.

मी हसणार होतो, खरंच. पण इराने माझं बोट धरलं. किती महिन्यांनी धरलं! तिचा हात गरम होता. तेव्हा मात्र मला भीती वाटली, चकव्याची नाही, पोरीला या भट्टीत आणल्याची. तिला घेऊन इथून बाहेर पडायचं, बाकी काही नको, ट्रेक नको, हिमालय नको. मी निमूट खाली बसलो आणि बूट बदलले.

सासूबाईंच्या पिशवीतून कोकम सरबताची बाटली निघाली. (दुकानात तहान लागली तर म्हणून आणलेली!) सगळ्यांनी दोन दोन घोट घेतले. मधुराने ओढणी उलटी केली. मी शर्ट उलटा घातला, धुण्याच्या सूचनांची पट्टी कमरेशी लोंबत. इराने टोपी उलटी केली. चौघे उठलो आणि पाठीकडच्या दिशेने चालू लागलो. चुकीच्या पायातल्या बुटांनी माणूस बदकासारखा चालतो, हे मला त्या दिवशी कळलं.

थोड्या वेळाने निळ्या चपलेची खुर्ची आली. चपलेशिवाय.

"देअर वॉज अ स्लिपर," इरा कुजबुजली.

सासूबाई देवाचं नाव घेऊ लागल्या. आम्ही पावलं उचलली. त्याच्या पुढे पहिली, रिकामी खुर्ची जिथे होती तिथे पोचलो, तर खुर्चीच नाही. वाळूत चार पायांचे चार खड्डे तेवढे. स्वच्छ, नुकते पडलेले. आणि त्या चार खड्ड्यांकडे आम्ही चौघे बघत उभे असताना, मागून, धुरळ्यातून, हळू आवाजात आलं:

"ओऽऽ..."

माझी हाळी! तीन तासांपूर्वीची माझी हाळी परत आली होती. पण आवाज माझा नव्हता.

"बाबा," इरा म्हणाली, "इट केम बॅक."

मी वळलो. धुरळ्यात काहीतरी उभं होतं. माणसाहून बरंच उंच. खाली पांढरं, लांब, पायांपर्यंत. वर डोक्याच्या जागी पांढरे पाय. आठ, बारा, सोळा पाय, सगळे आकाशाकडे. ते आमच्याच दिशेने, जराही घाई न करता, येत होतं.

सांगायला लाज वाटते, पण सह्याद्रीतल्या या गड्याने पहिली गोष्ट काय केली, तर तो सासूच्या मागे जाऊन उभा राहिला. सासूबाईंनी मिटलेली छत्री भाल्यासारखी पुढे धरली.

"कोण आसा ता? फुडे येऊ नको!"

"अस्सलाम आलेकुम," ते म्हणालं, आणि त्याने डोक्यावरच्या चार पांढऱ्या खुर्च्या खाली उतरवल्या.

त्यांचं नाव अबू यूसुफ. पांढरी दाढी, पांढरा पायघोळ थोब, वय सासूबाईंच्याच आसपास. सगळ्या हिवाळाभर त्यांच्या भावांचे आणि चुलतभावांचे तंबू इथे लांब लांब, एका रांगेत होते. खुर्च्या सगळ्यांनी एकाच दुकानातून आणलेल्या. ऊन वाढायच्या आत उरलंसुरलं सामान गोळा करायला ते पहाटेच आले होते. चहा त्यांचा, चप्पल नातवाची.

"मैं सुना तुम चिल्लाया," ते आखाती हिंदीत म्हणाले. "मैं बोला, कोई मुश्किल में है. मैं भी चिल्लाया. तुम मफी सुना, नहीं सुना. फिर मैं देखा, तुम लोग सीधा जाता, कुर्सी कुर्सी कुर्सी, एकदम सीधा रोड को. सयारा उधर है, पाँच मिनट." त्यांनी चहाच्या पेल्याच्या दिशेला हात केला. मग आमच्याकडे नीट पाहिलं. "फिर तुम बैठा, जूता निकाला, और उल्टा वापस आया. लेश? क्यों?"

हे सगळं माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आम्ही गोल फिरत नव्हतो. (तेलविहिरींचे पंपही दोन्ही बाजूंना होते.) आम्ही आयुष्यात चाललो नसू इतके सरळ चाललो होतो. गाडी तिसऱ्या खुर्चीपासून पाच मिनिटांवर होती. तिथून आम्ही विधीपूर्वक मागे फिरलो होतो.

अबू यूसुफांची नजर माझ्या बुटांवरून उलट्या शर्टाच्या पट्टीवर आली, मग मधुराच्या ओढणीवर, मग छत्रीवर. "तुम्हारा कोई ईद है आज?"

"हां," मधुरा म्हणाली. "इनका."

त्यांनी आम्हाला त्यांच्या पिकअपमध्ये बसवलं, गार पाणी दिलं, एसी पूर्ण सोडला. इराच्या गालांचा रंग परत आला आणि ती इंग्रजीत भराभरा बोलू लागली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. आमच्या गाडीपाशी उतरल्यावर सासूबाईंना काय वाटलं, त्यांनी एका खुर्चीच्या पाठीवर हात फिरवून "बरी आसा हा," म्हटलं. अबू यूसुफांना भाषा कळली नाही, पण हात कळला. त्यांनी ती खुर्ची उचलून आमच्या डिकीत ठेवली. "उम्मी, हदिया. तुम्हारे लिए. खलास." भेट! सासूबाईंनी माझ्याकडे विजयाने पाहिलं.

"मी सांगी नव्हतंय? दुकानच आसा."

मी गाडी सुरू केली. मग मधुरा म्हणाली, "शेवटचा चान्स. इथून आपलं घर. नऊ वर्षांचा रस्ता. एकही वळण न चुकता नेलंस, तर लीव्ह टाकते."

मला भरून आलं. बायको असावी तर अशी!

आम्ही राहतो हमद टाउनमध्ये. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, हमद टाउन हे राउंडअबाउटना मध्ये मध्ये घरं जोडून बनवलेलं गाव आहे. एकामागून एक, नंबर घातलेले. मी सगळे बिनचूक घेतले. शेवटच्या, आमच्या राउंडअबाउटवर आलो. आमचा फाटा तिसरा. पहिला गेला, दुसरा गेला, आणि कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरसमोर (इथे किराणा दुकानाला असं म्हणतात), आमच्याकडे तोंड करून, रिकामी, पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची!

मी तिच्याकडे बघत राहिलो आणि फाटा गेला.

"हरकत नाही," मी म्हणालो. "एक फेरी." फेरी झाली. या वेळी खुर्चीवर पेला होता. फाटा पुन्हा गेला. मी आरशात पाहिलं, मग शेजारी. सासूबाई, इरा आणि बँकेत मॅनेजर असलेली माझी बायको, तिघीही खाली वाकून शांतपणे चपला बदलत होत्या. आणि खोटं कशाला सांगू, तिसऱ्या फेरीत फाटा सापडला.

जिन्यात मी म्हणालो, "म्हणजे देवगड."

"नाही. टाकते लीव्ह," मधुरा म्हणाली. "हिमालयात राउंडअबाउट नसतात. पण आई येणार."

तर जूनमध्ये आम्ही गेलो. उन्हाळा तिकडेही आमच्या मागोमाग आला होता. गाइड म्हणाला, इतकं तापलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं, बर्फ बराच वर सरकला होता. पण फुलं होती, आणि इरा चढणीवर माझा हात धरत होती, उतारावरसुद्धा. पाचव्या दिवशी खिंडीत एकाएकी धुकं उतरलं. चार हातांपलीकडचं दिसेना. गाइडने सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं, घाबरू नका, वाट सरळ आहे, मी रोज येतो. सगळे उभे राहिले. सासूबाईसुद्धा उभ्याच होत्या. एकच माणूस दगडावर बसून घाईघाईने बुटांच्या नाड्या सोडत होता.

गाइडने प्रश्नार्थक नजरेने इराकडे पाहिलं.

"दॅट्स माय बाबा," इरा म्हणाली. "ही इज व्हेरी एक्सपीरियन्स्ड."